काकणाचं टोक

मंजुळाचं काकण चंद्रकलाने बांधलं होतं, आणि ते लवकर सुटू नये अशा बेतानेच बांधलं होतं.

लग्न आदल्या दिवशी सोनिवलीला लागलं. आता पालेगावात, नवऱ्या मुलाच्या दारात, बबन आणि मंजुळा समोरासमोर पाटावर बसले होते. चंद्रकला मंजुळाची चुलत बहीण, पाठराखीण म्हणून सोबत आलेली. मे महिन्याची सकाळ, तरी उकाडा असा की मांडवातला मोगराही कोमेजून तपकिरी पडला होता. एका हाताने एकमेकांचं काकण सोडवायचं, हा आजचा खेळ. काकण म्हणजे लाल-पिवळ्या सुताची दोन पदरी पिळलेली दोरी, तिच्यात गाठी मारून अडकवलेलं हळकुंड नि सुपारी. मनगटाला वेढे घ्यायचे आणि उरलेलं टोक ज्याचं त्याने मुठीत घट्ट धरायचं. जो आधी सोडवील त्याचं घरात चालणार, असं सगळे हसत हसत म्हणतात. म्हणतात हसत, पण विसरत मात्र कुणीच नाही.

बबनला घाम फुटला होता. त्याच्या खांद्याशी ओणवा झालेला एक उंच तरुण त्याला सारखा सल्ला देत होता, "मधून सोडव रे, मधून! तिथं सैल हाय." बबन मधून पदर सोडवायचा आणि पुढची गाठ अधिकच आवळायची. इकडे मंजुळाच्या बोटांखाली बबनच्या काकणाची शेवटची गाठ सैल झाली. सुटलीच म्हणायची. तेवढ्यात मागे बसलेल्या, सोनिवलीहूनच सोबत आलेल्या गोजरबाई आत्याने तिच्या कमरेला कचकन चिमटा काढला.

मंजुळाचा हात थांबला. मग ती खाली मान घालून गाठीशी नुसतीच चाळा करत राहिली, इतका वेळ की बबनने दात लावून का होईना पण तिचं काकण सोडवलं. टाळ्या, हशा, पेढे.

"सुटत आलेली गाठ सोडून का दिलीस?" चंद्रकलाने सगळ्यांसमोर विचारलं.

हशा बंद पडला.

"नवऱ्याला हरवत्यात का गो?" आत्या म्हणाली. "आम्ही समद्या अशाच हरलो. काय वाईट झालं?"

"ते तुम्हीच सांगा," चंद्रकला म्हणाली.

बायकांतल्या एकीने, बबनच्या कौसाबाई काकूने, उगाचच आपल्या डाव्या हातातल्या बांगड्या मागे सारल्या आणि पुन्हा पुढे आणल्या.

चंद्रकला रागारागाने उठून पिंपाशी पाणी प्यायला गेली. दुसरा तांब्या भरतेय तोच मागून आवाज आला.

"काकण तुम्ही बांधलंत?"

तोच तो, सल्लागार. बोटांची टोकं पिवळीजर्द, जणू सगळी हळद यानेच लावून घेतली होती.

"का? तक्रार आहे?"

"तक्रार नाही… बबनचा अंगठा सुजलाय."

"मधून सोडव, मधून सोडव, असं कोण सांगत होतं त्याला?"

"मी."

"मग सूज तुमच्या नावावर मांडा."

तो हसला. हसताना त्याचा एकच गाल वर जायचा, आणि चंद्रकलाने ते पाहिलं नाही असं दाखवण्यासाठी तांब्यातलं पाणी उगाच फेकून पुन्हा भरलं.

"पण चुकलं काय माझं?"

"दोन पदरांची पिळलेली दोरी मधून उलगडली की तो पीळ नाहीसा होत नाही. पुढे सरकतो. आणि टोक मुठीत आवळून धरलेलं असेल तर बिचारा जाईल कुठे? तिथेच साचतो, नि गाठ दगड होते."

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कॉलेजात शिकते."

"कॉलेजात काकणं सोडवायला शिकवतात?"

"जवळपास," चंद्रकला म्हणाली आणि निघाली. चार पावलांवर तिला वाटलं, मागे वळून बघावं. तिने बघितलं नाही. मग दिवसभर मात्र तिला त्याचा फार राग येत राहिला.

त्याचं नाव जयदेव, कौसाबाईचा मुलगा, अंबरनाथच्या एमआयडीसीत रंग बनवणाऱ्या कारखान्यात केमिस्ट. बोटं पिवळी ती कारखान्यातल्या रंगाने, हळदीने नव्हेत. एवढी माहिती तिने मंजुळाकडून काढली, सहज विचारल्यासारखी. मंजुळानेही सहज सांगितल्यासारखी सांगितली आणि त्याच संध्याकाळी जयदेवला चंद्रकलाची माहिती पुरवली. लग्नात हरलेल्या मुली अशी उट्टी काढतात.

दिवाळी झाल्यावर उल्हासनगरच्या कॅम्पात, नाडे, लेस, इलॅस्टिक विकणाऱ्या दुकानांच्या गल्लीत, चंद्रकला जाड दोरी शोधत उभी होती. उल्हासनगरच्याच कॉलेजात ती एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिला सेमिनारसाठी एक मॉडेल बनवायचं होतं.

"दोन रंगांचे पदर एकत्र पिळलेले पाहिजेत शेठ. लाल आणि निळा."

"बेटी, पडदे को चाहिए या घागरे को?" सिंधी शेठने विचारलं.

"डीएनएला."

"वो कौनसा नया फॅशन आया?"

"जुनाच आहे शेठ," मागून कुणीतरी म्हणालं. "तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या अंगात तोच."

जयदेव! हातात एक नाडा धरून उभा, आणि चेहऱ्यावर असा भाव की जणू नाडा घ्यायला अंबरनाथचा माणूस रोज इथेच येतो.

"तुम्ही इकडे कुठे?"

"नाडा घ्यायला."

"अंबरनाथला नाडे मिळत नाहीत?"

"मिळतात की… पण तिथे समजावून सांगत नाहीत."

शेठने एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं आणि दोन स्टुलं पुढे सरकवली. "बैठो साईं. दोरी निकालने में टाइम लगेगा." दोरी समोरच्याच फळीवर होती.

तिने दोरीचा तुकडा हातात घेतला आणि सांगू लागली. सांगायला लागली की चंद्रकला वेगळीच दिसायची. हात बोलायचे, डोळे बोलायचे, आणि समोर कोण आहे हे ती विसरायची. पेशीला स्वतःची नक्कल करायची असते तेव्हा आधी डीएनएची ही पिळलेली जोडी उलगडावी लागते. ते काम करणाऱ्या एन्झाइमचं नाव हेलिकेज. जिवाणूमधलं हेलिकेज सहा सारख्या तुकड्यांचं बनलेलं असतं, सहा जणी हात धरून फेर धरतात तसं कडं. ते एका पदरावर ओवलं जातं आणि त्याच्यावरून धावत सुटतं. दुसरा पदर बाहेर ढकलला जातो. सेकंदाला शेकड्यांनी जोड्या उलगडत जातात!

"म्हणजे तुमचं शास्त्र जोड्या मोडण्याचं," जयदेव म्हणाला.

"मोडत नाही! सोडवतं. तोडणं वेगळं आणि सोडवणं वेगळं. सुटलेल्या प्रत्येक पदराला नवा जोडीदार मिळतो. एका जोडीच्या दोन होतात."

"बरं… आणि त्या पुढे साचणाऱ्या पिळाचं काय? बबनचा अंगठा सुजला तो?"

त्याला आठवत होतं. चंद्रकलाला उगाचच शेठच्या पंख्याचा वारा कमी वाटायला लागला.

"त्याला दुसरं एन्झाइम आहे. ते पुढे जाऊन दोरी जरा मोकळी करतं. एक पदर कापतं, पीळ फिरून जाऊ देतं, परत जोडून टाकतं. ते नसेल तर हेलिकेज कितीही जोर लावो, अडकून बसतं."

"म्हणजे एकाने सोडवायचं आणि दुसऱ्याने फिरू द्यायचं."

"हो."

"मला वाटतं, हे तू छान सांगतेस."

ती थांबली. "तू म्हणालात?"

"चुकून गेलं…"

"चुकून नको. म्हणायचं तर नीट म्हणा. पण मला तू म्हणालात तर मीसुद्धा तू म्हणणार. सांगून ठेवते."

त्याने नाडा खाली ठेवला. "म्हण."

"तू," ती म्हणाली, आणि एवढ्याशा शब्दाने तिचे कान तापले. शेठ इलॅस्टिकची रिळं मोजत होता. ती एवढी होती की मोजून संपेचनात.

सेमिनारला जयदेव अर्धा दिवस रजा टाकून शेवटच्या बाकावर येऊन बसला. नुकतीच एका हेलिकेजची स्फटिकातून काढलेली पहिलीवहिली रचना प्रसिद्ध झाली होती आणि चंद्रकलाने फळ्यावर ती खडूने काढली. मग तिने सांगितलं की विषाणू घ्या, जिवाणू घ्या, यीस्ट घ्या, माणूस घ्या, या एन्झाइमांच्या साखळीत त्याच त्या काही खुणा त्याच क्रमाने सापडतात. इंधन पकडण्याची जागा तर जवळपास जशीच्या तशी. सगळ्यांची खापरपणजी एकच असावी. तिच्या लेकींनी अंग बदललं, कुणी एकटी राहिली, कुणी सहा जणींचं कडं केलं, कुणी दुसरीच कामं पत्करली, पण आजीची पकड मात्र कुणी सोडली नाही. अब्जावधी वर्षं!

"यातून मिळणार काय?" एका सरांनी विचारलं. "नोकरी?"

"सर, उलगडणं कसं सुरू झालं ते कळेल," ती म्हणाली. "मला ते कळून घ्यायचंय. नोकरीचं नंतर बघू."

मागच्या बाकावरून एकट्याने टाळी वाजवली आणि मग एकटाच आहे हे कळल्यावर हात खिशात घातले.

त्यानंतर ते दोघं अंबरनाथच्या शिवमंदिरापाशी भेटू लागले. देवळाच्या मागे, नाल्याच्या काठावर, जिथे बेल-फुलं विकणाऱ्या बायका दुपारच्या कलंडायच्या. नाल्याचं पाणी कधी निळसर, कधी लालसर.

"तुमचा कारखाना वाहतोय," ती चिडवायची.

"आमचा पिवळा! लाल दुसऱ्यांचा," तो कळवळून सांगायचा. मग स्वतःच म्हणायचा, "पण सोडतो तो आम्हीही… साहेबांशी भांडलो परवा."

त्याचं हे तिला आवडायचं. स्वतःला धुतल्या तांदळासारखा दाखवत नव्हता. करवंदं द्रोणात मागून घ्यायचा, त्यातली पिकलेली तिच्या बाजूला सारायचा आणि आपण कच्ची खाऊन डोळे मिटायचा. एकदा दोरीचा तो लाल-निळा तुकडा दोघांनी दोन टोकांना धरला. ती मधून उलगडत गेली आणि त्याच्या बाजूला दोरी पिळत, आक्रसत, वेटोळी होत गेली.

"घट्ट धरलंयस तू," ती म्हणाली. "म्हणून. बोटं सैल कर, फिरू दे."

त्याने बोटं सैल केली. टोक भिरभिर फिरलं, वेटोळी सुटली, आणि उलगडत उलगडत तिचे हात त्याच्या हातांपर्यंत येऊन पोचले. दोघांपैकी कुणीच हात मागे घेतला नाही. बेलवालीने एक डोळा उघडला, बघितलं, आणि परत मिटला.

एप्रिलात चंद्रकलाची बंगलोरच्या एका संस्थेत पीएच.डी.साठी निवड झाली. विषय हेलिकेजच. पाच वर्षं तरी लागणार. आणि त्याच आठवड्यात कौसाबाई मुलाला घेऊन सोनिवलीला तिला बघायला आली. मध्यस्थ अर्थातच गोजरबाई आत्या.

आता इथे एक घोळ होता. चंद्रकला घरात दोरी घेऊन बसायची आणि विचारेल त्याला सांगायची की दोन जोडलेले पदर वेगळे कसे करतात ते मी शिकते. आत्याने ते ऐकलं, आपल्या अकलेने त्याचा अर्थ लावला आणि नातेवाइकांत पसरवला: पोरगी फारकतीचं शिकते, नवरा-बायको वेगळे करायची वकील होणार हाय.

"आमचे घरात काडीमोड कुणी घेतला नाय," कौसाबाईने चहाचा कप हातात घ्यायच्या आधीच सांगितलं.

"मी पण कुणाचा देत नाही," चंद्रकला म्हणाली आणि दोरी घेऊन तिला सगळं समजावून सांगितलं. कडं, सहा तुकडे, खापरपणजी. कौसाबाईने शेवटपर्यंत ऐकलं. खापरपणजीपाशी तर ती जरा पुढेही सरकली.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "पन लगीन झाल्यावं बंगलोर नाय. बदलापुरात शाळेन लाग. पोर हुशार हाय, शिकवंल."

चंद्रकलाने वडिलांकडे बघितलं. धर्मराज पाटाच्या कडेवरचा रंग नखाने खरवडत होते. तिची आई वेणूबाई दाराआड उभी होती, तिचा फक्त पदर दिसत होता. मग तिने जयदेवकडे बघितलं. तो आपल्या पिवळ्या बोटांकडे बघत होता.

ती थांबली. त्याला बोलायला पुरेल एवढी थांबली. तो बोलला नाही.

"मग लग्न नको," चंद्रकला म्हणाली. "चहा गार होतोय, घ्या."

आत्याने कपाळावर हात मारून घेतला. पाहुणे गेले. वेणूबाई बाहेर आली, लेकीच्या शेजारी बसली आणि एवढंच म्हणाली, "बंगलोरला थंडी असते का गो?" तेव्हा कुठे चंद्रकलाला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी तो शिवमंदिरामागे तिची वाट बघत होता. ती आली ती भांडायलाच.

"आई पहिल्यांदाच आली होती गं… तिच्या तोंडावर कसं…"

"माझ्या तोंडावर बरं जमलं!"

"मी तुला जाऊ नको म्हणालो का?"

"नाहीस. जा पण म्हणाला नाहीस. तू नुसता टोक मुठीत धरून बसलास, जयदेव. मी इकडून जीव खाऊन सोडवतेय, वडील, आत्या, सगळे नातलग, आणि सगळा पीळ जाऊन तुझ्यापाशी साचतोय. तुला हलायचं नाही. मला हरून दाखवणारा नवरा नको आहे. माझ्यासाठी लढणारा पण नको, मी लढते माझी. तू फक्त सोड. एवढंही जमत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस."

करवंदांचा द्रोण तसाच राहिला. ती गेली.

जयदेव त्या दिवशी घरी गेला आणि उभ्या उभ्याच आईला म्हणाला, "लग्न करीन ते तिच्याशी. आणि ती बंगलोरला जाणार. तुला नको असेल तर मी तसाच राहीन, पण दुसरी मुलगी बघायला मी पाटावर बसणार नाही." आणि जेवायला बसला. मंजुळा तेव्हा तिथेच भाकऱ्या थापत होती. पुढच्या बाजारी तिने हे सगळं शब्दन् शब्द सोनिवलीला पोचवलं, वर थोडा आपला मीठमसाला लावून.

मग दोन दिवसांनी कौसाबाईने निरोप धाडला. लगीन करू. पण आमच्या घरची रीत रीत हाय. काकण जो सोडवंल त्याचं घरान चालंल. पोरीनं सोडवलं तर जावं बंगलोरला, चीन-जपानला जावं. हरली तर ऱ्हावं हितंच.

"असल्या अटी कोण मानतं?" जयदेव शिवमंदिरामागे येऊन तणतणला. "मी नाही म्हणून सांगतो."

"मी हो म्हणून सांगितलंय," चंद्रकला म्हणाली.

"आणि हरलीस तर?"

"तर जाणारच. माझ्या शिक्षणाचा निकाल सुताची दोरी लावणार नाही. पण मग तुझ्या आईच्या दारात परत पाऊल ठेवता येणार नाही मला. आणि तुला दोन्ही दारं सांभाळता यायची नाहीत. म्हणून मला जिंकायचंय. कळलं? बंगलोरसाठी नाही, मूर्खा… तुझ्यासाठी."

तो इतका खूश झाला की मूर्ख म्हटल्याचंही त्याच्या लक्षात राहिलं नाही.

परीक्षा झाली, लग्न लागलं, आणि पुन्हा एकदा पालेगावात, मे महिन्याच्या उन्हात, मांडवात दोन पाट मांडले गेले. या वेळी गर्दी एवढी की पोरं मांडवाच्या मेढींवर चढून बसलेली. अट सगळ्या गावाला ठाऊक होती. जयदेवच्या हातातलं काकण खुद्द कौसाबाईने बांधलं होतं. सुती दोरी तिने हळदीच्या पाण्यात भिजवून, करकचून पिळून, गाठी मारून उन्हात वाळवली होती. ती अशी फुगून आवळली होती की नख शिरायला जागा नव्हती. चंद्रकलाचं काकण बांधलं होतं तिच्या आईने. आणि वेणूबाईनेही कमी केलं नव्हतं.

"सुरू करा!" बबन ओरडला. त्याला या खेळाचा अनुभव होता.

उजवा हात तिचा त्याच्या मनगटावर, त्याचा तिच्या. दोघांच्या डाव्या मुठी आवळलेल्या, टोक आत. जयदेव मनापासून सोडवत होता, कपाळावर आठ्या घालून. त्याने मुद्दाम हरायचं नाही असं तिने बजावलंच होतं. त्याची बोटं तिच्या नाडीवर फिरत होती आणि चंद्रकला मनातल्या मनात म्हणत होती, आत्ता नको, आत्ता लक्ष गाठीत.

पहिली गाठ सुटली. दुसरी सुटली. सुपारी टपकन खाली पडली आणि मेढीवरची पोरं ओरडली. मग ती दोन पदरांच्या मध्ये अंगठा घालून उलगडू लागली आणि बघता बघता पुढची गाठ कडक झाली. तिने जोर लावला. गाठ अजून कडक झाली. पिळाला पुढे सरकायला जागा नव्हती, टोक त्याच्या मुठीत. तिकडे हळकुंड त्याच्या बोटांना लागलं होतं. तो पुढे चालला होता.

"हरली, हरली," मागून बायका कुजबुजल्या.

चंद्रकलाच्या कपाळावरचा घाम भुवईत उतरला. तिने वर बघितलं आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाली:

"जयदेव, टोक सोड."

नवऱ्याचं नाव! तेही उखाण्यात नाही, सरळ, आणि वर अरे-तुरे! गोजरबाई आत्याने तर दोन्ही हात कानांवर ठेवले.

जयदेवने तिच्याकडे बघितलं. एकच गाल वर गेला. आणि त्याने मूठ उघडली.

टोक तळहातावर भिरभिरत फिरलं. साचलेला सगळा पीळ सुटून गेला, कडक गाठ तिच्या अंगठ्याखाली मऊ पडली.

"अरे, मूठ का उघडलीस?" कुणी म्हातारा ओरडला. "हा खेळ झाला का? हरतोस काय जाणूनबुजून?"

"हरत नाहीये मी, काका," जयदेव म्हणाला. त्याची बोटं तिच्या काकणावर अजून झटत होती. "मी माझं सोडवतोच आहे. फक्त तिचं धरून ठेवत नाहीये."

शेवटची गाठ. आता नखाएवढंच अंतर. आणि चंद्रकलाला पाठीमागे साडीची सळसळ ऐकू आली. तिला कळलं. गोजरबाई आत्याचा हात कमरेशी येतोय. तिने अंग चोरलं…

चिमटा आलाच नाही.

"हात काढ," कौसाबाईचा आवाज.

तिने गोजरबाईचं मनगट धरून ठेवलं होतं. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या होत्या आणि तिचा आवाज कधी नव्हे एवढा बारीक झाला होता. "माजे लग्नान माजी गाठ पयली सुटली व्हती. माजे मावशीनं असाच चिमटा काढला. थांबले मी. मंग जल्मभर थांबले. पोरीला सोडवू दे. सुटंल तर सुटंल, नाय तर नाय. पन चिमटा काढायचा नाय कुनी."

चंद्रकलाने पदर बाजूला सारला. हळकुंड तिच्या ओटीत पडलं आणि सगळी दोरी उलगडून, लाल एकीकडे नि पिवळी एकीकडे, जयदेवच्या मनगटावरून गळून गेली.

मांडवात काय गोंधळ झाला ते विचारू नका. मंजुळा तर स्वतः जिंकल्यासारखी नाचली. मूठ उघडली म्हणून दोन म्हातारे हरकत घेऊ लागले, तेव्हा कौसाबाईने जमिनीवरचे दोन्ही पदर उचलले आणि त्यांच्यापुढे धरले. "सुटलं का नाय? समद्यांनी बघितलं, सुटलं. बास." मग सुनेकडे वळून म्हणाली, "बंगलोरला भात चांगला मिळतो का? नाय तर हितून तांदूळ न्ये."

चंद्रकला हसत होती आणि रडत होती, दोन्ही एकदम. राग पुऱ्या वर्षाचा होता की तो जायलाही जरा वेळ लागला.

जयदेव मात्र तिच्या काकणावर अजून वाकलेलाच. वेणूबाईच्या गाठी त्याला काही दाद देत नव्हत्या.

"माझं राहिलंच की," तो पुटपुटला. "आता?"

"राहू दे. मी असंच घालून जाते."

"मग सोडवायला मला बंगलोरला यावं लागणार…"

तिने आपल्या डाव्या मुठीकडे बघितलं. टोक अजून आतच होतं. तिने एक एक करून बोटं उघडली आणि तळहात त्याच्यापुढे धरला.

"ये की," ती म्हणाली. "मूठ उघडीच आहे माझी."